बारावीनंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्याची नोकरी: आयटीआय, तीन महिन्यांचा सीएनसी कोर्स की थेट ट्रेनी?

रबाळेकर
नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी सायन्स झाली, ५४ टक्के. राहते घणसोलीला. तिला मशीनवर काम शिकायचं आहे. हे तिचं स्वतःचं म्हणणं आहे, कुणी डोक्यात भरवलेलं नाही. समोर तीन वाटा आहेत.

पहिली सरकारी आयटीआय, दोन वर्षं. दुसरी खाजगी क्लासचा तीन महिन्यांचा सीएनसी-व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथ-मिलिंग मशीनचा) कोर्स, फी ४० हजार, आणि फलकावर 'सरकारमान्य सर्टिफिकेट' असं लिहिलेलं. तिसरी म्हणजे एक एजंट म्हणतो, महाप्याला पंधरा दिवसांत ट्रेनी म्हणून लावतो, आधी पाच हजार डिपॉझिट भरा.

मला क्लासची वाट बरी वाटते, कारण दोन वर्षं वाचतात. पण या सगळ्या सर्टिफिकेटांचा नेमका अर्थ काय, आणि कंपनीत घेताना खरोखर काय तपासतात, हे जाणकारांनी सांगावं. मशीनशॉपला मुली घेतात का, तेही.

पूर्वद्रुतगती
चौथी वाटही लिहून ठेवा. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण हातात हत्यार धरायची आवड असेल तर आधी आयटीआय करावं. दोन वर्षांच्या ट्रेडनंतरही थेट दुसरं वर्ष डिप्लोमा करता येतो, म्हणजे ते दार बंद होत नाही.

कातारी
आधी कागद समजून घ्या, मग वाट निवडा.

आयटीआयची अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, एनटीसी. त्यानंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण करून पुन्हा परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, एनएसी. जाहिरातीत 'आयटीआय व एनएसी आवश्यक' लिहितात ते हेच दोन कागद. या दोन्हींना देशभर सारखी किंमत आहे, सरकारी उपक्रमांच्या भरतीतसुद्धा.

तिसरा प्रकार अल्पमुदतीच्या कोर्सचा. त्यावर एनएसक्यूएफची (कौशल्यांच्या राष्ट्रीय चौकटीची) पातळी छापलेली असते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनसीव्हीईटीची (व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता लागते. चौथा प्रकार म्हणजे क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला कागद. फलकावरचं 'सरकारमान्य' म्हणजे यातलं काय, ते फलकावरून कळत नाही. काही ठिकाणी 'आयएसओ ९००१ प्रमाणित संस्था' असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ संस्थेच्या कामकाजाची पद्धत तपासली गेली एवढाच. मुलीला काय येतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

क्लासमध्ये जाऊन नेमकं विचारा: प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येणार, कोर्सचा कोड काय, पातळी कितवी, परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो का, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मुलीचं नाव दिसतं का. मागच्या बॅचचं एखादं प्रमाणपत्र दाखवा म्हणा आणि तिथेच मोबाइलवर स्कॅन करा.

ट्रेडची नावं प्रवेशपुस्तिकेत मराठीत असतात, ती बघून मुलं गोंधळतात. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, यंत्रकारागीर म्हणजे मशिनिस्ट, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन. ही चारही दोन वर्षांची. संधाता म्हणजे वेल्डर, एक वर्ष. मशीनची आवड आहे तर कातारी किंवा यंत्रकारागीर.

मापाडी
कातारी यांचं कागदाबद्दलचं बरोबर. पण कागद गेटपर्यंत नेतो. आत टेबलावर एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला धातूचा तुकडा, ठेवतात, शेजारी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, आणि सांगतात माप घे. एनटीसीवाले असोत की क्लासवाले, तिथे निम्मी मुलं अडतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नेहमीचा व्हर्नियर ०.०२ मिमीचा. सरकत्या पट्टीवर ५० भाग, आणि दर पाच भागांना एक आकडा, ० ते १०. मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडची रेघ २४. सरकत्या पट्टीवरची ४ च्या पुढची तिसरी बारीक रेघ जुळली, तर ०.४ अधिक ३ गुणिले ०.०२, म्हणजे ०.४६. माप २४.४६. इथे होणारी चूक म्हणजे '४ च्या पुढे ३' हे २४.४३ असं वाचणं. व्हर्नियरवर शेवटचा अंक विषम येऊच शकत नाही. कोणी २४.४३ म्हणालं की परीक्षा घेणाऱ्याला तिथेच कळतं.

मायक्रोमीटर ०.०१ चा. थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, ५० भाग, एक फेरा अर्धा मिमी. मुलं अर्ध्या मिमीची खालची रेघ उघडी झालेली बघत नाहीत. माप असतं २४.७८, सांगतात २४.२८. अर्धा मिमी म्हणजे शाफ्ट भंगारात.

माप घेण्याआधी दोन्ही जबडे कापडाने पुसायचे, बंद करून शून्य बघायचं, शून्य नसेल तर किती चुकतं ते लक्षात ठेवून वजा किंवा अधिक करायचं. मायक्रोमीटर रॅचेटनेच, म्हणजे टोकाच्या टिकटिक करणाऱ्या मुठीनेच, फिरवायचा, दोन-तीन टिकटिक झाल्या की बस. थिंबल धरून आवळला तर ०.०२ कमी दाखवेल. आणि जॉब फिरत असताना माप कधीही, कधीही घ्यायचं नाही.

खाडीकाठ
मापाडी, गरम जॉबचंही लिहा. नवख्यांना तिथेच दगा होतो.

मापाडी
हो, राहिलंच. मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिमीचा शाफ्ट मशीनवरून काढला तेव्हा ३० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो ०.०१७ मिमीने मोठा दिसतो. ५० एच७ (व्यास ५०, एच७ हा सवलतीचा वर्ग) शाफ्टची सगळी सवलतच, म्हणजे मापात चालणारा फरकच, ०.०२५ मिमी. गरम असताना 'बरोबर' आलेला जॉब दुपारी क्वालिटीवाल्याच्या टेबलावर लहान भरतो आणि दोघांचं भांडण जुंपतं. दोघांचीही मापं खरी असतात. जॉब निवू द्यायचा आणि मग मोजायचा, एवढाच उपाय.

ऑफसेट४०
सीएनसीवर बोलतो, कारण प्रश्न त्याचा आहे. तीन महिन्यांचा कोर्स टाकाऊ नाही. पण त्यात काय शिकवतात यावर सगळं आहे. नुसती जी-कोडांची, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची, यादी पाठ करून घेतली तर ४० हजार पाण्यात.

ऑपरेटरचं दिवसाचं मुख्य काम प्रोग्रॅम लिहिणं नाही. जॉब लावणं, पहिला पीस मोजणं आणि वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेपोटी मापात करायची दुरुस्ती, देणं हे आहे. समजा बाहेरचा व्यास ४०.०२ हवा, आला ४०.०६. लेथवर एक्स (टूल आत-बाहेर नेणारा अक्ष) व्यासात चालतो, म्हणून वेअरमध्ये एक्सला उणे ०.०४ द्यायचं. अर्धं करायचं नाही. बोअर असेल तर भोक लहान आलं की अधिक द्यायचं. चिन्ह उलटं पडलं की ०.०४ ची चूक ०.०८ होते.

आता फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) घडणारी हमखास चूक. वेअरमध्ये आधीच उणे ०.१० आहे. आणखी ०.०४ कमी करायचंय. तर उणे ०.०४ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबायचं, मग ते उणे ०.१४ होतं. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुनं पुसून उणे ०.०४ बसतं आणि जॉब आधीपेक्षा ०.०६ ने मोठा येतो. मोठा आला तर परत घेता येतो. बोअरमध्ये अशीच चूक झाली आणि भोक मोठं झालं की तो पीस गेला.

दुसरी, दशांश चिन्ह. बऱ्याच मशीनवर एक्स ४० नंतर टिंब दिलं नाही की कंट्रोल ते ४० मायक्रॉन धरतं. टूल सरळ मध्यापर्यंत धावतं.

तिसरी आणि जिवावर बेतणारी: जी९६ लावलं आणि वर जी५० ने कमाल फेरे बांधले नाहीत. जी९६ एस१८० म्हणजे मिनिटाला १८० मीटर कापण्याचा वेग कायम ठेव. ६० मिमी व्यासावर त्याला साधारण ९५५ फेरे लागतात. फेसिंग करत, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापत, टूल १० मिमी व्यासावर पोचलं की ५,७३० लागतात, आणि मध्याजवळ मशीन आपल्या कमाल वेगाला जाऊन भिडतं. चकमध्ये जॉब थोडा बाहेर धरलेला असेल तर तो निसटतो. म्हणून जी५० एस२००० किंवा जॉबला झेपेल तो आकडा आधी.

ज्या क्लासमध्ये या तीन गोष्टी प्रत्यक्ष मशीनवर दाखवतात, नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉक लावून (एका वेळी एकच ओळ) आणि रॅपिड, म्हणजे न कापता धावायचा वेग, २५ टक्क्यांवर ठेवून चालवायला लावतात, तो क्लास चांगला.

तुर्भे_स्टोअर
ऑफसेट४०, प्लस इनपुटवालं छापून मशीनवर चिकटवण्यासारखं आहे. +१

कानस
सगळे सीएनसीच्या मागे लागलेत. पण पावणे, तुर्भे, वागळे इस्टेट कुठेही मेंटेनन्सला फिटर लागतोच, आणि त्याची चाचणी हाताची असते. ५० बाय ५० चा ठोकळा कानशीने सपाट कर, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून उजेडात दाखव, मध्ये एम१०चे आटे पाड.

एम१० च्या आट्यांमधलं अंतर दीड मिमी, म्हणून भोक दहा वजा दीड, साडेआठ. एम८ ला ६.८, एम६ ला ५, एम१२ ला १०.२. हे चार आकडे तोंडपाठ हवेत. भोक ८ चं पाडलं तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, अडकून तुटतो, ९ चं पाडलं तर आटे उथळ होऊन बोल्ट धरत नाही. सेटमध्ये तीन टॅप असतात, निमुळता आधी. दोन फेऱ्यांनंतर गुण्याने दोन बाजूंनी सरळ आहे का बघायचं. नंतर अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. पोलादाला तेल द्यायचं, बिडाला कोरडंच चालतं. बंद भोक असेल तर मधून मधून टॅप काढून कीस झाडायचा, नाहीतर तळाशी तो दाबला जातो आणि टॅप मोडतो.

हॅकसॉ ब्लेडचे दात पुढच्या बाजूला. पातळ पाइपला बारीक दाताचं ब्लेड, कायम किमान तीन दात धातूवर हवेत. उलटं लावलेलं ब्लेड बघून परीक्षक पुढचं काही विचारत नाही.

सहाजी
नाव बघून कळलंच असेल, मी वेल्डिंगवाला. भाचीला लागू नाही, पण धागा वाचणारी इतर मुलं असतील.

वेल्डरच्या सर्टिफिकेटबद्दल मोठा गैरसमज आहे. 'सिक्स-जी पास' हा आयुष्यभराचा बिल्ला नाही. पाइप ४५ अंशांत पक्का बांधून, न फिरवता जोड मारायची ती सिक्स-जी. एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या पात्रतेची अमेरिकन नियमावली) प्रमाणे ती पात्रता कंपनीने आपल्या डब्ल्यूपीएसवर, म्हणजे जोड कशी मारायची त्याच्या लेखी पद्धतीवर, घेतलेली असते. नव्या कंपनीत गेलात की पुन्हा चाचणी. आणि त्या प्रोसेसवर सहा महिने काम केलं नाही तर पात्रता संपते. बॉयलरच्या कामाला आयबीआरची, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांची, वेगळी चाचणी. म्हणून बाहेर पैसे भरून सिक्स-जीचा कागद घेण्यापेक्षा सराव विकत घ्या.

७०१८ हा वेल्डिंगचा रॉड दमट राहिला की जोडात छिद्रं पडतात, आणि हायड्रोजन शिरला तर जोडाशेजारी तडा जातो, तोही कधी कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे भाजून, गरम डब्यात ठेवून, लागतील तेवढेच रॉड बाहेर काढायचे. करंट जास्त झाला की कडेला खाच पडते, कमी झाला की मूळ जुळत नाही. वाकवून बघण्याच्या चाचणीत दोन्ही उघडी पडतात.

तळोजा_बी_शिफ्ट
या पट्ट्यात केमिकल आणि फार्मा मोठ्या प्रमाणात आहे, ते विसरू नका. आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट नावाचा ट्रेड आहे, एओसीपी, दोन वर्षांचा. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केमिकल प्लांट असाही आहे. ज्या मुलीला सायन्स झेपलंय तिने हे दोन्ही जरूर बघावेत.

इथे मुलाखतीत सुरक्षेवर विचारतात. टाकीत उतरायच्या आधी हवा तपासायची, तर क्रम कोणता? आधी ऑक्सिजन, १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा. मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन पहिला का, तर ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजन कमी असेल तर खोटा कमी आकडा दाखवतो. आणि वर, मध्ये, तळाशी अशा तीन जागी तपासायचं, कारण जड वायू तळाशी बसतो.

पंपावर काम करायचं तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुरवठा तोडायचा, स्वतःचं कुलूप लावायचं, पाटी लावायची, आत अडकलेला दाब सोडायचा, मग चालू करून बघायचं की खरंच चालू होत नाही ना. शेवटची पायरीच लोक गाळतात. चार जण काम करत असतील तर चार कुलपं.

विद्यावेतन
अप्रेंटिसशिपचं काम रोज बघते, म्हणून रबाळेकरांच्या तिसऱ्या वाटेबद्दल आधी. डिपॉझिट भरू नका. अप्रेंटिसशिपचा करार मुलगी आणि कंपनी यांच्यात होतो आणि सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. मध्ये कोणाला पैसे द्यायची पायरीच नाही. एजंटला एवढंच विचारा की करार क्रमांक कोणत्या तारखेला मिळेल. तो 'ट्रेनी' शब्द वापरतोय, बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीवर हेल्पर म्हणून लावणार.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त लोक आहेत तिला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे रबाळ्यातली मध्यम कंपनीसुद्धा यात येते, मोठ्याच नावांकडे बघत बसू नका. किमान विद्यावेतन २०१९च्या नियमांत बारावीला ७,०००, डिप्लोमाला ८,००० असं ठरलं, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. करार करायच्या दिवशीचे चालू दर पोर्टलवर बघून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला २५ टक्के हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र सरकार थेट मुलीच्या खात्यात टाकतं.

आणि तिथेच घोळ होतो. बँक म्हणते आधार लिंक आहे. पण थेट जमा होण्यासाठी खातं आधारशी 'सीडिंग' केलेलं लागतं, आणि ते एका वेळी एकाच खात्याला असतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला सीडिंग असेल तर पैसे तिकडे जातात आणि मुलगी नव्या खात्यात शोधत बसते. दुसरा घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव नाही. प्रवेशाआधीच आधार दहावीप्रमाणे करून घ्या. नंतर परीक्षेच्या निकालावर चुकलेलं नाव सुधारायला फार हेलपाटे पडतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी, २०२४ पासूनची. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० असं विद्यावेतन. अनुभव मिळतो, पण शेवटी एनएसी मिळत नाही. दोन्ही एकच समजू नका.

दिघा_लोकल
विद्यावेतन ताई, माहिती उत्तम, पण एक बाजू राहते. कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. काही ठिकाणी वर्षभर एकाच ड्रिलिंग मशीनवर उभं करतात, नाहीतर पॅकिंगला बसवतात, आणि वर्ष संपलं की नवी बॅच. मुलांची उमेदीची वर्षं अशी जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

विद्यावेतन
दिघा_लोकल, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला उपाय आहे. प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. पहिल्याच आठवड्यात विचारायचं, कोणत्या महिन्यात कोणता विभाग. लॉगबुक रोज लिहायचं आणि आठवड्याला सही घ्यायची. 'ड्रिलिंग केलं' असं लिहून ठेवू नये. 'ईएन८, १२ मिमी जाड, साडेआठचं भोक, ६० पीस, ड्रिल दोनदा धार लावलं' असं लिहावं. तीन महिने एकच काम दिसलं की तेच लॉगबुक दाखवून आधी कंपनीतल्या प्रशिक्षण अधिकाऱ्याकडे जायचं आणि तिथे दाद लागली नाही तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात. पुढच्या मुलाखतीतही सर्टिफिकेटइतकंच हे लॉगबुक बघतात. ते घरी न्यायची परवानगी नसेल तर स्वतःची वेगळी वही ठेवावी, फक्त कंपनीची ड्रॉइंग त्यात उतरवू नयेत.

सुमेधा_ऐरोली
मुलींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मशीनशॉप, असेंब्ली, क्वालिटी तिन्हीकडे मुली घेतात. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि मशीनच्या ट्रेडला त्या मानाने कमी मुली अर्ज करतात, त्याचा फायदा घ्यावा.

केस बांधून टोपीच्या आत, ओढणी नाही, बांगड्या-अंगठी-धागा काहीही नाही, बाही घट्ट किंवा कोपराच्या वर. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. सुरक्षेसाठी हातमोजे घातले असं नवख्याला वाटतं, पण ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला की हात ओढला जातो. चकची चावी चकमध्ये सोडायची नाही, हातातून सुटायच्या आधी ती जागेवर गेली पाहिजे. कीस हाताने ओढायचा नाही, हुक वापरायचा.

मुलाखतीत संकोच न करता विचारावं: कपडे बदलायची खोली आहे का, दुसऱ्या पाळीनंतर बस घराच्या नाक्यापर्यंत सोडते की फक्त स्टेशनला. घणसोली-रबाळे एकाच स्टेशनचं अंतर आहे, पण रात्री स्टेशनपासून एमआयडीसीच्या गल्ल्या सुनसान असतात.

रबाळेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटचा विषय संपला. क्लासमध्ये विचारपूस केली. मशीन एक टर्निंगचं, एक व्हीएमसी, बाकी संगणकावर सिम्युलेटर. एका बॅचला २४ मुलं. रोज दोन तास, आठवड्यात सहा दिवस. प्रमाणपत्र त्यांचं स्वतःचंच निघालं.

ऑफसेट४०
गणित करून बघू. रोज दोन तास, महिन्याला २६ दिवस, तीन महिने म्हणजे १५६ तास. दोन्ही मशीन रोज पूर्ण वेळ चालली असं धरलं तरी ३१२ मशीन-तास. २४ ने भागा: माणशी १३ तास, तेही थिअरी, मशीन बंद, सर आले नाहीत हे काही न धरता. १३ तासांत सेटिंग हातात बसत नाही. सिम्युलेटर उपयोगी आहे, पण त्याच्यावर जॉब गरम होत नाही, इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या टोकाची) धार जात नाही, चकमधून आवाज येत नाही.

हाच कोर्स आयटीआयच्या दुसऱ्या वर्षानंतर केला तर माझी हरकत नाही. तेव्हा लेथचं अंग तयार असतं आणि १३ तास पुरतात.

कातारी
बरोबर. माझं मत पक्कं आहे: कातारी किंवा यंत्रकारागीर, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप, एनएसी. दोन वर्षं 'वाचवून' पुढे दहा वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर राहण्यापेक्षा हे बरं.

रबाळेकर, प्रवेशाचं नीट ऐका. आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. बारावीचे ५४ टक्के मनाला लावून घेऊ नका, तिचे दहावीचे किती ते बघा. प्रवेश डीव्हीईटीच्या (राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या) संकेतस्थळावर ऑनलाइन, फेऱ्यांमध्ये होतो. अर्ज भरला एवढ्यावर थांबू नका, तो कन्फर्म करावा लागतो आणि विकल्प भरावे लागतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तोच ट्रेड आणि तीच संस्था, जिथे ती खरोखर जाईल. ठाण्याची वागळे इस्टेटची, अंबरनाथची, पनवेलची, ट्रान्स-हार्बर आणि पुढे मध्य रेल्वे धरून तिला कोणती झेपते ते एकदा सकाळच्या गर्दीत जाऊन बघा आणि मगच क्रम लावा. जमल्यास वर्कशॉपमध्ये डोकावून विचारा, किती लेथ चालू आहेत. चालू, नुसते उभे नव्हेत.

रबाळेकर
दहावीला ७१ टक्के आहेत. यंत्रकारागीर पहिला, कातारी दुसरा असं तिने स्वतः ठरवलंय. प्रवेश सुरू होईपर्यंत घरी काय करावं? मापाडींनी सांगितलेला सराव सुरू करायचा तर व्हर्नियर कोणता घ्यावा?

मापाडी
१५० मिमीचा, ०.०२ लीस्ट काउंटचा, रेघांचा साधा व्हर्नियर. डिजिटल आत्ता नको, आकडा आयता मिळाला की डोळा तयार होत नाही. दुकानातच जबडे बंद करून उजेडासमोर धरा, मधून प्रकाशाची रेघ दिसली तर दुसरा मागा. शून्य जुळतंय का बघा.

घरी आल्यावर दहा रुपयांचं नाणं मोजायला द्या. त्याचा व्यास २७ मिमी. पाच वेळा, वेगवेगळ्या जागी, दर वेळी जबडे उघडून पुन्हा लावून मोजायचं आणि पाचही मापं वहीत लिहायची, एकही खोडायचं नाही. मापं एकमेकांपासून किती लांब आहेत ते आधी बघा, २७ च्या किती जवळ आहेत ते नंतर. पाचांत ०.०४ पेक्षा जास्त फरक असेल तर ती जबडा तिरका लावतेय किंवा जोरात दाबतेय. मग दुसरं नाणं, मग बांगडीचा आतला व्यास वरच्या लहान जबड्यांनी, मग पेल्याची खोली मागच्या दांडीने. वहीचा फोटो इथे टाका, वाचायला कुठे चुकतं ते बघून सांगतो.